ऑक्टोपसला नऊ मेंदू नसतात

रविवारच्या पुरवणीतील ऑक्टोपसवरचा लेख आवडला. मात्र त्याला ‘नऊ मेंदू’ असतात, हे विधान खटकले. मेंदू एकच असतो, तोही अन्ननलिकेभोवती कड्यासारखा. गिळलेला प्रत्येक घास त्याच्या मधूनच जातो. आठ बाहूंत असतात त्या चेतारज्जू आणि चेतापेशींचे पुंजके. एकूण सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी जवळपास दोन तृतीयांश तिथे आहेत, म्हणून तुटलेल्या बाहूला चिमटा काढला तरी तो काही काळ आखडतो. पण पालीची तुटलेली शेपटीही वळवळते. तिला कोणी मेंदू म्हणत नाही!

खरे नवल चोषकांचे, म्हणजे बाहूंवरच्या चिकटणाऱ्या वाट्यांचे. कपारीत दडलेला खेकडा डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा बाहू आत चाचपडतो आणि चोषक टेकताक्षणी स्पर्शाबरोबर चवही कळते. त्यासाठीची खास ग्राही (रसायने ओळखणारी) प्रथिने २०२० मध्ये उजेडात आली. लेखात त्यांचा उल्लेखही नाही. उलट चौकटीतल्या चित्रात नऊ मेंदूंना क्रमांक दिले आहेत. मुले अशी चित्रे कापून प्रकल्पाच्या वहीत चिकटवतात, तेव्हा पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, मालवण