बाबा, कॉम्प्युटर म्हातारा झालेला नाहीये

बेंगळुरू
28 ऑक्टोबर 2025

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

पोचले नीट. डबा गाडीतच संपला, चकल्या मात्र अजून उघडल्या नाहीत, पुरवून खाणारे.

बाबा, आधी मुद्द्याचं सांगते नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन. तुमचं मराठी टायपिंग मी बंद पाडलंय. मुद्दाम नाही, पण मीच. शनिवारी रात्री तुम्ही दोघं झोपल्यावर मी कॉम्प्युटर उघडून, तो हळू का चालतो ते बघत, नको ते प्रोग्राम बंद करत बसले होते आणि त्यात हे झालं. रविवारी सकाळी तुमच्या लक्षात आलं असणार आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत, जाणाऱ्या माणसाला कशाला, हे तुमचं नेहमीचंच. राणी चन्नम्मा एक्सप्रेस बेळगावला पोचायच्या आधीच आईचा फोन आला, म्हणाली अगं ते मराठी उमटत नाहीये, हे सकाळपासून नुसतं इंग्रजी काहीतरी टाइप करून खोडतायत आणि मला म्हणतात तिला सांगू नकोस. मला बर्थवर बसून इतकं कसंतरी झालं.

फोनवर सांगता आलं असतं कसं दुरुस्त करायचं ते. पण फोनवर माझा आवाज चढतो हे मला माहितीये. "बाबा, उजवं बटण, उजवं!" असं मी ओरडते आणि मग तुम्ही उजवं-डावं सगळंच विसरता. म्हणून पत्र, तुम्हाला आवडतं तसं, कागदावर, हव्या तितक्या वेळा वाचता येईल असं. रजिस्टर करणार होते, पण रजिस्टर आता स्पीड पोस्टातच गेलं ना. सदतीस वर्षं पोस्टात काढलेल्या तुमच्यासमोर तो विषय काढत नाही.

आता असं करायचं. कॉम्प्युटर चालू झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबायची. एस्केप म्हणजे कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं सगळ्यात वरचं, ज्याचा रंग उडालाय ते. एक खिडकी उघडेल, टास्क मॅनेजर. ती छोटीशीच आली तर खाली डावीकडे 'मोअर डिटेल्स' असेल, ते दाबा. वर नावं दिसतील, त्यातलं 'स्टार्टअप' घ्या. मोठी यादी येईल, घाबरू नका. त्यात 'कीबोर्ड' हा शब्द इंग्रजीत लिहिलेली एकच ओळ आहे आणि तिच्यापुढे 'डिसेबल्ड' आलं असेल. तिच्यावर माउसचं उजवं बटण, मग 'एनेबल'. बास. खिडकी बंद करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. शटडाउन नाही, रीस्टार्ट. दुसऱ्या कुठल्याच ओळीला हात लावू नका, कितीही वाटलं तरी.

तुमचं मी काही उडवलेलं नाहीये हो, नुसतं "आपणहून सुरू होऊ नकोस" एवढंच सांगितलंय, म्हणून तर परत आणता येतंय. सगळं जिथल्या तिथं आहे. पत्त्यांचा डाव आहे, नाट्यसंगीताचं फोल्डर आहे, ठाण्याच्या लग्नाचे फोटो आहेत, आई तुझी भजनी मंडळाची पत्रकं आहेत. वॉलपेपरवरचा गणपतीसुद्धा हलवलेला नाही. अक्षरं फक्त जरा मोठी केलीयेत, ती तशीच राहू देत.

आता हे सगळं मी विचारल्याशिवाय का केलं. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात राहू दे, चाललंय ना. आणि चाललं नव्हतं बाबा. शुक्रवारी पहाटे मी पाणी प्यायला उठले तेव्हा तुम्ही शाल घेऊन त्या खुर्चीत बसला होतात, स्क्रीनवर गोल गोल फिरतंय आणि तुम्ही हाताची घडी घालून वाट बघताय. मी परत येऊन पडले, आईचा चहा झाला, तरी तुम्ही तसेच. सात मिनिटं. मी मोजली. आणि मला एकदम आठवलं की वर्षभर मी फोनवर काय म्हणत आलेय. तुम्ही काहीतरी दाबलं असेल. नको तिथं क्लिक केलं असेल. तो डबा भंगारात घाला, दादा टॅबलेट पाठवतोय. तो रिपेअरवालाही म्हणून गेला ना, मदरबोर्डाचं वय झालं, नवीन घ्या.

वय वगैरे काही नाही. शनिवारी रात्री मी टास्क मॅनेजर उघडला, एकही प्रोग्राम उघडा नव्हता, तरी 4 जीबी रॅममधली 83 टक्के भरलेली आणि हार्ड डिस्क 100 टक्के कामात गुंतलेली. तुमच्या भाषेत सांगायचं तर रॅम म्हणजे काउंटरमागचं तुमचं टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे मागच्या खोलीतलं कपाट. टेबल दुसऱ्यांच्याच कागदांनी भरलेलं, म्हणून तुमचं एक पत्र लिहायचं तरी त्याला दर वेळी काहीतरी उचलून कपाटात ठेवून यायचं आणि दुसरं काढून आणायचं. ती रात्रीची कुरकुर तीच. आई, उंदीर नव्हता गं, पिंजरा काढ आता.

मग मी एकेक ओळ बघत गेले की हे टेबल अडवून बसलंय तरी कोण. बाबा, त्या यादीत तुमचं जवळपास काहीच नव्हतं.

जुन्या प्रिंटरचा एक प्रोग्राम होता. 2019 च्या पुरात तो भिजला आणि भंगारात गेला, आपण सीपीयू तेवढा माळ्यावर चढवून वाचवला, पण प्रिंटरची शाई किती उरलीय ते बघायला बसवलेला हा गडी सहा वर्षं रोज सकाळी उठून प्रिंटरला हाक मारतोय. माझ्या पहिल्या फोनमधली गाणी भरायचं सॉफ्टवेअर होतं, तो फोन कॉलेजातच फुटला. लॉकडाउनमधे दादाशी व्हिडिओवर बोलायला मी टाकून दिलेलं एक. माझ्या पहिल्या नोकरीतल्या मेलवर फायली चढवणारं एक, ती मेल मी नोकरी सोडली त्या दिवशीच बंद झाली पण हे बिचारं रोज लॉगिन करायला जातं आणि रोज परत येतं. रिपेअरवाल्यानं घातलेला, मुदत संपलेला अँटीव्हायरस एक, विंडोजचा स्वतःचा असताना. शिवाय तीन-चार नुसते अपडेटर, ज्यांचे मूळ प्रोग्राम कधीच काढून टाकलेत पण अपडेटर मागे राहिलेत, घर विकल्यावर राखणदार राहावा तसे. एकेकट्याचा तसा काही त्रास नाही. पण अकरा वर्षांत कोणीही यांच्यापैकी एकालाही काम संपलं, घरी जा म्हणालं नाही. आणि त्यातले निम्म्याहून जास्त मी आणि दादानं आणून बसवलेले. सुट्टीला यायचं, काहीतरी टाकायचं, निघून जायचं.

तर ते "तुम्ही काहीतरी दाबलं असेल" मी मागे घेते.

आणि ते अंगठ्याचं यंत्र. त्याची सर्व्हिसही, म्हणजे त्याच्यासाठी मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, मी बंद केलीय, हे जरा जपून लिहितेय. हयातीचा दाखला आता गेल्या नोव्हेंबरसारखाच आईच्या फोनवर चेहरा दाखवून करायचा, जीवन प्रमाणचं आणि आधार फेसचं अशी दोन्ही अॅप्स मी अपडेट करून ठेवलीयेत. तसाही तुमचा अंगठा शेवटी शेवटी लागतच नव्हता, सदतीस वर्षं शिक्के मारून रेषाच गेल्यात. पण यंत्र ड्रॉवरमधे आणि त्याची सर्व्हिस मात्र रात्रंदिवस अंगठ्याची वाट बघत जागी, आणि जागी राहून राहून पाऊण जीबी खाऊन बसलेली. यंत्र टाकून देऊ नका. मला माहितीये त्यावर तुम्ही किती जणांची पेन्शन चालू ठेवलीत, ते बेडगचे काका तर डबा घेऊन यायचे. त्यांना यंदाही बोलवा, आईच्या फोनवर त्यांचंही होईल, फक्त उजेडात बसवा आणि चष्मा काढायला लावा.

आता एक गंमत, म्हणजे तुम्ही आणि मी ज्यावरून भांडलो ते. मी म्हणायचे रीस्टार्ट करा, तुम्ही म्हणायचे अगं रोज रात्री दहाला बंद करतोच की, कव्हरसुद्धा घालतो. दोघंही बरोबर होतो. शनिवारी बघितलं तर तो 61 दिवस सलग जागा होता, अपडेट्सही त्यात अडकून बसलेली. म्हणजे गणपतीच्या दोन दिवस आधी लाइट गेली ना, तेव्हा तो शेवटचा खरा झोपला. झालंय असं की विंडोज 8 पासून शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं, सकाळी पटकन उठता यावं म्हणून तो आतल्या सर्व्हिसा आणि ड्रायव्हर आहेत तसे डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तेच परत उचलतो. तुम्ही उघडलेलं सगळं बंद होतं, पण आतलं नाही. पोस्टाचं शटर ओढलं पण टेबलावरचा पसारा तसाच ठेवून वर फडकं टाकलं, असं. रीस्टार्टला मात्र तो खरोखर आवरतो. ते सेटिंग मी काढून टाकलंय, आता तुम्ही दहाला बंद केलात की तो बंद. तुमचीच पद्धत. आणि एवढं करून आता तो दोन मिनिटांत कामाला लागतो, मी तीनदा बघितलं. पहाटे शाल घेऊन बसायचं नाही. बसायचंच असेल तर आत बसा, हॉलच्या फरशीला पाय गार पडतात तुमचे.

जाता जाता, विंडोज 10 ची अपडेट्स 14 ऑक्टोबरला संपली, 11 या मशीनवर चढत नाही, प्रोसेसर जुना पडतो. एक वर्षाची मुदतवाढ मी घेऊन ठेवलीय, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत काळजी नाही. पुढे नवीन घ्यायचा का ते तुम्ही सांगा. मी परस्पर काही ठरवणार नाही.

परस्परवरून. हे शेवटचं, आणि हेच लिहायला मला दोन दिवस लागले.

मी इथून तुमचा कॉम्प्युटर चालवायचे ना, ते सॉफ्टवेअर मी काढून टाकलंय. ते पूर्ण उडवलंय, ते परत एनेबल होणार नाही. यादीत ते सगळ्यात वर होतं, तुम्ही लॉगिन करायच्या आधीपासून चालू. 2020 मधे मीच घातलं होतं, मला तेव्हा फार हुशारी वाटलेली. मला माहितीये तुम्हाला ते आवडायचं. माउस आपोआप हलला की तुम्ही नोटपॅड उघडून लिहायचात "मनू आलीस का", मी लिहायचे "आले", आणि मग जेवलीस का, पाऊस आहे का, असं आपलं तिथंच चालायचं. लहानपणी पोस्टाच्या काउंटरमागे तुमच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून मी रद्दी फॉर्मवर शिक्के मारायचे तसं काहीतरी वाटायचं मला.

पण मार्चमधे एका दुपारी मी न सांगता आत आले होते, काय स्लो चाललंय बघू म्हणून, आणि तुम्ही दादाला मेल लिहीत होतात. डाव्या डोळ्याला धूसर दिसतंय, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, मनूला कळवू नकोस. मी माउस हलवला नाही. सगळं वाचलं. आणि सात महिने काही बोलले नाही, कारण बोलले असते तर कसं कळलं ते सांगावं लागलं असतं. दिवाळीत रोज ठरवायचे आज सांगू. शेवटी शनिवारी रात्री ते सॉफ्टवेअर काढलं आणि मग कितीतरी वेळ तिथंच बसून राहिले. रागावला असाल तर रागवा, पण माझ्याशी बोलून रागवा, आईमार्फत नको.

यापुढे काही अडलं तर तुम्ही मला फोन करायचा, मग विंडोजमधलंच 'क्विक असिस्ट' उघडायचं, मी कोड सांगेन तो घालायचा, तुम्ही हो म्हटलंत तरच मी आत येणार आणि काम झालं की तुम्हीच ते बंद करायचं. आणि बाबा, दुसऱ्या कोणीही फोन करून असलं काही उघडायला सांगितलं, पोलीस म्हणून, बँक म्हणून, अगदी पोस्टातून बोलतोय म्हणाला तरी, फोन ठेवून द्यायचा. आई, तू लक्ष ठेव.

डोळ्याचं आता उघडपणे सांगते. मोतीबिंदू पिकायची वाट वगैरे आता बघत नाहीत, त्रास व्हायला लागला की करतात. अर्थात मोतीबिंदूच आहे का ते डॉक्टर बघतील. मिरजेत राहून डोळे दाखवायला वेळ नाही हे मला सांगू नका, लोक कुठून कुठून येतात तिथं. दाखल्याचं काम पहिल्या आठवड्यात उरका आणि दुसऱ्या आठवड्यात जा. आई बरोबर जाईल. रिक्षानं जायचं, स्कूटर नाही, आणि दिवे लागायच्या आत घरी. डॉक्टरांनी तारीख दिली तर मला कळवा, मी सुट्टी टाकते, त्यात मला काही अडचण नाहीये, खरंच.

आई, गुडघ्याचं तेल मी तुझ्या फडताळात डावीकडे ठेवलंय. लाव.

तुमची,
मनू

ता. क. सीपीयूचं झाकण काढलं तेव्हा पंख्याच्या जाळीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या निघाल्या, मूठभर तरी असतील, किती दसऱ्यांच्या कुणास ठाऊक. पुढच्या वर्षी पूजा करा पण हार समोरून घाला, मागच्या बाजूनं नको. आणि मराठी उमटायला लागलं की नोटपॅडमधली ती आपली फाइल उघडा, डेस्कटॉपवरच आहे, ती मी कशी उडवीन, त्यात काहीतरी लिहा आणि मला मेलनं पाठवा.