वस्तरा घेताना पाते बघा, मूठ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हौसेने पहिला वस्तरा घेणारे बहुतेक जण नक्षीदार मुठीला भुलतात. बघायचे असते ते पाते. रुंदी ५/८ इंच, दोन्ही अंगांनी खोलगट घासलेले आणि टोक गोल असावे. चौकोनी टोक नवख्या हातात कानापाशी, नाकाखाली हमखास ओरखडते. सरळ धारेचे पाते काचेवर अलगद आडवे ठेवावे. पाठ (धारेसमोरची जाड कड) आणि धार दोन्ही लांबीभर टेकली पाहिजेत. कोपरा डुगडुगला तर पाते पिळलेले; मग दगडावर कितीही घासा, धार एकसारखी बसत नाही.

नवा वस्तरा दाढीजोगी धार घेऊनच येतो असे नाही, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. धार नीट ठेवायला चामड्याचा पट्टा सोबतच घ्यावा, तो चैनीचा भाग नव्हे. प्रत्येक दाढीआधी पट्ट्यावर पात्याच्या ३०-४० फेऱ्या, पाठ पुढे, धार मागे. वळवताना पाते पाठीवरच उलटायचे. धारेवर उलटले की पट्टाही कापतो आणि धारही जाते. पट्टा ढिला धरला तर धार गोलावते.

कार्बन पोलाद दगडावर लवकर धार घेते, पण ओले राहिले की गंजते. स्टेनलेसचे नेमके उलटे.

– एक वाचक