शून्य धन नाही : क्वांट प्रश्नसंचातील चुकीच्या उत्तरांबाबत तक्रार

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व अभ्यास-साहित्य विभाग

सातारा, दिनांक ११ ऑक्टोबर २०२५

विषय : कॅट २०२५ या आयआयएम (व्यवस्थापन संस्था) प्रवेश परीक्षेच्या क्वांट, म्हणजे गणित, पॅकमधील तीन चुकीची उत्तरे, परस्पर बंद केलेली तक्रार आणि काल संध्याकाळचा फोन.

महोदय,

पत्राच्या आरंभी स. न. वि. वि. लिहिण्याची माझी चाळीस वर्षांची सवय आहे. काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेल्या संभाषणानंतर ती आज पाळवत नाही, म्हणून थेट विषयाकडे वळते.

१४ जून रोजी मी माझ्या निवृत्तिवेतनातून २४,५०० रुपये भरून मुलीसाठी आपला पॅक घेतला. मुलगी पुण्यात बँकेत नोकरी करते, रात्री जेवणे उरकल्यावर सरावाला बसते आणि जे उदाहरण अडेल त्याचा फोटो मला पाठवते. मी ते पहाटे वहीत सोडवून तिला परत पाठवते. मी माध्यमिक शाळेत ३१ वर्षे गणित शिकवले आहे, हे केवळ संदर्भासाठी नमूद करते. त्याचा पुढे संबंध येणार आहे.

पातळी तीन, संच १७, प्रश्न ९ आपल्यासमोर असेलच. क्ष वर्ग उणे य वर्ग बरोबर २०२५, तर क्ष आणि य यांच्या धन पूर्णांकी जोड्या किती, असा तो प्रश्न आहे. २०२५ चे एकूण विभाजक १५. डावी बाजू म्हणजे (क्ष + य) आणि (क्ष − य) यांचा गुणाकार, म्हणून २०२५ चे दोन-दोन अवयव पाडायचे. सगळे अवयव विषम असल्याने प्रत्येक वेळी क्ष आणि य पूर्णांकच मिळतात. १ आणि २०२५ घेतले तर १०१३ आणि १०१२. २५ आणि ८१ घेतले तर ५३ आणि २८. २७ आणि ७५ घेतले तर ५१ आणि २४. अशा एकूण सात जोड्या होतात. उरतो ४५ गुणिले ४५. तेथे क्ष ४५ येतो आणि य येतो शून्य. प्रश्नात ‘धन’ हा शब्द असल्यामुळे ही आठवी जोडी बाद होते, किंबहुना प्रश्न काढणाऱ्याने तो शब्द घातला आहे तोच या जोडीसाठी. उत्तर सात. आपल्या उत्तरसूचीत आठ आहे.

हा प्रश्न उत्तर टंकून देण्याच्या, म्हणजे टीआयटीए प्रकारातील आहे. समोर पर्याय नसतात, त्यामुळे बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलीला आपले अ‍ॅप लाल फुली दाखवते आणि खाली सल्ला देते की, ‘अवयवांच्या जोड्या मोजताना घाई करू नका.’ मुलीने त्या रात्री सव्वा तास या एका उदाहरणावर घालवला, कारण आपलीच एखादी जोडी राहून गेली आहे अशी तिची खात्री झाली होती. कॅटच्या क्वांट विभागाला एकूण ४० मिनिटे असतात आणि २०२४ च्या परीक्षेत त्यात २२ प्रश्न होते. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. तेथे वेळेची चणचण असते म्हणूनच तर हा सराव विकत घ्यायचा. तो सव्वा तास आपण कोणत्या खात्यात जमा धरला आहे, हे कळवावे.

एखादी चूक कोणाच्याही हातून होते आणि फळ्यावर माझ्याही हातून झालेल्या आहेत. परंतु पुढची दोन उदाहरणे पाहिल्यावर मला वाटू लागले की, आपल्याकडे पडताळा घेण्याची पद्धतच नसावी. मॉक (सराव परीक्षा) क्रमांक ६ मधील लॉगॅरिदमचे उदाहरण पाहावे. पाया २ धरून लॉग क्ष अधिक लॉग (क्ष − २) बरोबर ३. क्षच्या सर्व किमतींची बेरीज विचारली आहे. वर्गसमीकरण सोडवले की ४ आणि उणे २ अशी दोन मुळे येतात. उणे दोनचा लॉग घेता येत नाही, म्हणून ते मूळ टाकून द्यावे लागते आणि उत्तर ४ राहते. आपल्या स्पष्टीकरणात मुळांच्या बेरजेचे सूत्र लावून २ असे उत्तर काढले आहे आणि शेजारी ‘स्मार्ट शॉर्टकट’ म्हणून विजेचे चित्र छापले आहे.

त्याच मॉकमध्ये दुधाचे उदाहरण आहे. ४० लिटर दुधातून ४ लिटर काढून तेवढेच पाणी घालायचे, हे एकूण तीनदा करायचे, तर शेवटी दूध किती? आपले उत्तर २८ लिटर, कारण आपण ४० मधून १२ सरळ वजा केले. दुसऱ्या वेळी काढलेल्या ४ लिटरमध्ये निव्वळ दूध नसते, त्यात ४०० मिलिलिटर पाणी गेलेले असते, ही गोष्ट आमच्या गल्लीत रतीब घालणाऱ्याला व्यवसायानिमित्त माहीत आहे. खरे उत्तर २९.१६ लिटर असून ते पर्यायांत दिलेलेही आहे. म्हणजे प्रश्न काढणाऱ्याला ते माहीत होते आणि उत्तरसूची करणाऱ्याला नव्हते. हा प्रश्न बहुपर्यायी असल्याने बरोबर पर्याय निवडणाऱ्याचे तीन गुण गेले आणि वर एक वजा झाला, असा चार गुणांचा फरक पडला. लॉगचे तीन धरून एका मॉकमध्ये सात गुण झाले. हे सात गुण मिळवल्यावर मुलीचे पर्सेंटाइल किती झाले असते, हे मला सांगता येत नाही आणि आपणांसही येणार नाही, कारण ज्या मुलांशी तुलना करून ते काढले आहे त्यांचे गुणही याच उत्तरसूचीवर मोजलेले आहेत.

ही तिन्ही उदाहरणे मी १८ सप्टेंबर रोजी वहीची पाने स्कॅन करून आपल्याकडे पाठवली. त्यानंतर चार वेळा तक्रार नोंदवली गेली आणि चारही वेळा ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा संदेश आला. उदाहरण सुटले नाही, तक्रार मात्र सुटली. चोवीस तास शंका-निरसन करणाऱ्या आपल्या चॅट-सेवेने ‘खूप छान प्रश्न!’ अशी शाबासकी देऊन तेच चुकीचे स्पष्टीकरण पुन्हा चिकटवले. त्या सेवेविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

आता काल, १० ऑक्टोबरच्या फोनविषयी. चौदा मिनिटे संगीत ऐकवल्यानंतर एका तरुणाने फोन घेतला. मी संच क्रमांक सांगितला, त्याने तो पडद्यावर उघडला आणि म्हणाला, ‘मॅडम, सिस्टीममध्ये आठच करेक्ट दाखवतंय.’ मी म्हटले, सिस्टीम काय दाखवते हे मला ठाऊक आहे, तेच चुकीचे आहे म्हणून फोन केला आहे. आठव्या जोडीत य शून्य येतो आणि प्रश्नात धन पूर्णांक विचारले आहेत. यावर तो क्षणभर थांबला आणि त्याने विचारले, ‘पण मॅडम, झिरोच्या पुढे मायनस कुठे आहे? मायनस नाही म्हणजे पॉझिटिव्हच ना?’

मी त्याला शांतपणे सांगितले की, शून्य ही संख्या धनही नाही आणि ऋणही नाही, आणि हे आपल्याकडे सहावीत पूर्णांक संख्या शिकवताना संख्यारेषा काढून सांगतात. त्याचे उत्तर मी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे : ‘हो आंटी, पण ते स्कूल लेव्हलचं झालं. हे कॅट लेव्हल आहे.’ मॅडमची आंटी कोणत्या वाक्यापासून झाली, याकडे कृपया लक्ष द्यावे. शून्य कोणत्या पातळीपासून धन होते, असे मी विचारले असता तो म्हणाला, ‘आंटी, दीदी आहेत का घरी? त्यांच्याकडे देता का फोन? त्यांना लगेच समजेल.’ पैसे माझे, तक्रार माझी, वहीतील सात जोड्या माझ्या हातच्या. आणि फोन मात्र लेकीकडे द्यावा.

गणित जाणणाऱ्या कोणाशी तरी बोलणे करून द्यावे, अशी विनंती मी केली. आपले तज्ज्ञ आयआयटीचे असून ते ग्राहकांशी बोलत नाहीत, असे कळले. त्यानंतर त्याने आवाज मऊ करून सांगितले की, माझा ‘बेस थोडा वीक’ वाटतो आणि त्यासाठी आपल्याकडे फाउंडेशन कोर्स आहे. मूळ किंमत ७,५००, दिवाळीची सूट ४० टक्के आणि जुन्या ग्राहकांना वर आणखी २० टक्के, ‘म्हणजे टोटल साठ टक्के ऑफ’. मी म्हटले, साठ टक्के कमी म्हणजे ३,००० रुपये झाले, तुमच्या पडद्यावर किती दिसतात? कळफलक वाजला. मग म्हणाला, ‘आंटी, इथे तीन हजार सहाशे येतायत. काहीतरी टेक्निकल इश्यू असेल.’

महोदय, तो टेक्निकल इश्यू नव्हे. ४० टक्के सूट दिल्यावर उरलेल्या ४,५०० वर २० टक्के सूट मिळते, म्हणून एकूण सूट ५२ टक्के होते. लागोपाठच्या सवलतींवरील हे उदाहरण आपल्याच पातळी एकमध्ये आहे आणि तेथे त्याचे उत्तर, आश्चर्य म्हणजे, बरोबर आहे.

त्याने फोन ठेवल्यावर लगेच यंत्रावरून आवाज आला की, सेवेला एक ते पाचपैकी गुण द्यावेत. मी शून्य दाबले. ‘आपण दिलेला अंक अवैध आहे,’ असे उत्तर मिळाले. म्हणजे शून्य कोठे मोडते आणि कोठे मोडत नाही, याची जाण आपल्या संस्थेत निदान त्या यंत्राला आहे.

त्या तरुणावर माझा राग नाही. त्याच्यासमोर जे लिहिलेले होते ते तो वाचत होता आणि त्याला दिलेले उद्दिष्ट बहुधा कोर्स विकण्याचे असावे. राग आहे तो अशा व्यवस्थेचा की, जेथे चूक दाखवणाऱ्याचाच पाया कच्चा ठरतो, त्याला फोन लेकीकडे द्यायला सांगितले जाते आणि ज्याला उदाहरण तपासता येते अशा एकाही माणसापर्यंत ग्राहकाला पोहोचता येत नाही. कॅट घेणाऱ्या आयआयएम परीक्षेनंतर स्वतःची उत्तरसूची जाहीर करून उमेदवारांचे आक्षेप मागवतात. त्यांना स्वतःच्या सूचीत चूक असू शकते असे वाटते, आणि आपणांस मात्र तसे वाटत नाही.

वाईट याचे अधिक वाटते की, आपला पॅक मी जाहिरात पाहून घेतला नव्हता. माझ्या भाचीने बारा-तेरा वर्षांपूर्वी आपल्या छापील पुस्तिकांवर अभ्यास केला, तेव्हा त्या मी चाळल्या होत्या. कागद हलका होता आणि आकृत्या पुसट होत्या, पण प्रत्येक पुस्तिकेच्या मागच्या पानावर डिंकाने चिकटवलेले गुलाबी कागदाचे शुद्धिपत्र असे : पान अमुक, प्रश्न तमुक, उत्तर असे वाचावे. ती चिठ्ठी पाहूनच मी तेव्हा म्हटले होते की, येथे कोणीतरी बसून उदाहरणे पुन्हा सोडवते आहे. त्याच भरवशावर यंदा २४,५०० रुपये दिले. ते कोणीतरी आता आपल्याकडे नाही, असे दिसते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. तिन्ही उत्तरे दुरुस्त करावीत. ती दुरुस्ती केवळ माझ्या मुलीच्या खात्यात न करता, हे संच सोडवलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला लेखी कळवावी आणि मॉक क्रमांक ६ चे गुण व पर्सेंटाइल सर्वांसाठी पुन्हा काढावेत, कारण परीक्षा ३० नोव्हेंबरला आहे आणि ‘मुळांची बेरीज दोन’ असे पाठ करून परीक्षेला बसणारी मुले आपल्याच भरवशावर बसणार आहेत. पैसे परत मिळाले तर मी नाकारणार नाही; पण केवळ पैसे परत करून हा विषय मिटेल, असा समज करून घेऊ नये. फाउंडेशन कोर्सचे कूपन पाठवू नये. काल रात्री ते एकदा आलेले आहे.

२५ ऑक्टोबरपर्यंत दुरुस्ती न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मी येथील जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. या कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते, त्यामुळे आपले कार्यालय कोठे आहे याने मला फरक पडत नाही. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्कही लागत नाही. मला वेळ भरपूर आहे. नववीच्या मुलांच्या वह्या तपासण्यात ३१ वर्षे गेल्यामुळे, एकच चूक न कंटाळता पुन्हा पुन्हा दाखवण्याची सवयही आहे.

या पत्राला फोनवर उत्तर देऊ नये. लेखी उत्तर द्यावे, त्याखाली उदाहरण स्वतः सोडवून पाहिलेल्या व्यक्तीची सही असावी, आणि ते माझ्या नावाने पाठवावे, मुलीच्या नाही.

कळावे,

एक ग्राहक
(निवृत्त गणित शिक्षिका, सातारा)

सोबत : तिन्ही उदाहरणांची वहीतील पाने, पडताळ्यासह.