रुमाल टाकून धरलेली जागा

लाइपझिग, जर्मनी
9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

व्हिडिओ कॉल रोजच होतो, तरी आज मुद्दाम कागद घेऊन बसले. फोनवर बाबा "सगळं बरं आहे" म्हणतात आणि लगेच फोन आईच्या हातात देतात. बाबा, तुम्ही दर गुरुवारी सकाळची एसटी धरून आर्वीला जाता, दुपारभर स्टँडसमोरच्या टपरीवर बसता आणि रात्री नागपूरला परत येता, हे मागच्या रविवारी मला आईकडून कळलं. दादाला वाटतं, गावच्या घराचं काही काम अडलं असेल. काम काय आहे ते मला बरोबर समजलं. तिथं तुम्हाला "अबे मास्तर" म्हणणारी तीन माणसं आहेत. नागपूरला राहायला आल्यापासून मनीष नगरात तुम्ही वॉचमनचे अंकल, शेजाऱ्यांचे काका आणि बँकेतले सर. 'अबे' म्हणणारं कोणीच नाही.

बाबा, हे दुखणं मी अंगावर काढलेलं आहे, म्हणून लिहिते आहे.

मी इथं आले 2022 च्या ऑक्टोबरात. त्या पहिल्या हिवाळ्याबद्दल तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. डिसेंबरात इथं दुपारी चारलाच दिवेलागण होते. रविवारी दुकानं बंद. शुक्रवारी संध्याकाळी लॅबमधले सगळे एकमेकांना सुट्टीच्या शुभेच्छा देऊन निघाले की माझं तोंड मिटायचं, ते सोमवारी सकाळी उघडायचं. शनिवार-रविवारचा तुमचा फोनही मी टाळायची, कारण आईचा आवाज ऐकला असता तर रडू फुटलं असतं. "झोपले होते गं" असा मेसेज टाकून द्यायची. आठवतं का आई, तू म्हणायचीस, ही पोरगी किती झोपते! एका सोमवारी लॅबच्या दारातल्या बाईंना 'गुड मॉर्निंग' म्हणायला गेले आणि आवाजच निघेना. घसा नुसता खरखरला. मी आजारी नव्हते. दोन दिवस गळ्यातून एक शब्द काढला नव्हता, एवढंच.

माणसं वाईट होती म्हणून हे झालं असंही नाही. जानेवारीत एकदा मला वाटलं, आपणच पुढाकार घ्यावा. सकाळी लॅबमध्ये सहा जणांना सांगितलं, आज संध्याकाळी घरी जेवायला या. सगळे गोड हसले, आभार मानले. मी धावत घरी येऊन पाटोडी रस्सा केला, गोळाभात केला, आणि नऊ वाजेपर्यंत दाराच्या बेलकडे कान लावून बसले. कोणी आलं नाही. तो रस्सा मी चार दिवस एकटीनं खाल्ला. मी या लोकांना आवडतच नाही, हे मनानं पक्कं धरून टाकलं. पुढे कितीतरी महिन्यांनी त्यांच्यातल्याच एकीनं समजावून सांगितलं, की इथं जेवायला बोलवायचं तर तीन आठवडे आधी तारीख ठरवतात आणि डायरीत लिहून ठेवतात. सकाळी सांगून संध्याकाळी या म्हटलं, ते त्यांना बोलावणं वाटलंच नव्हतं.

आपल्याकडे याच्या उलट होतं, हे मला तेव्हा लक्षात आलं. आपण म्हणतो, "या ना कधीही!" आणि मग कोणी कधीच येत नाही. "रविवारी सकाळी साडेनऊला पोहे खायला या" म्हटलं तर माणूस येतो.

मला बाहेर काढलं ते एका चर्चनं. इथं संत थॉमसचं जुनं चर्च आहे. बाख नावाचा मोठा संगीतकार 1723 पासून 1750 साली जाईपर्यंत तिथंच गाणारी मुलं तयार करायचा, आणि त्याची समाधीही आतच आहे. मुलांचा तो गायनसंघ 1212 पासून चालत आलेला आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला तिथं गाणं असतं, नाममात्र पैशांत कोणीही जाऊन बसावं. मला त्या संगीतातलं काही कळत नव्हतं, गर्दीत बसायला मिळतं म्हणून जायची. पण पहिल्याच शनिवारी शेकडो माणसं एकदम उभी राहून गायला लागली, तेव्हा मला आर्वीची संध्याकाळ आठवली. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, पांढऱ्या सतरंज्या, आणि खांबाला टेकून बसायची तुमची ती ठरलेली जागा. तुम्ही आला नसाल तरी त्या जागेवर कोणी बसत नसे.

मी दर शनिवारी जायला लागले. तीच वेळ, डावीकडच्या रांगेत तोच बाक. शेजारी साठी-पासष्टीच्या एक बाई बसायच्या. पहिल्या शनिवारी त्यांनी नुसतं पाहिलं. दुसऱ्या वेळी मान हलवली. तिसऱ्या वेळी गाण्याचा कागद माझ्याकडे सरकवून चालू ओळीवर बोट ठेवलं. चौथ्या वेळी हवेबद्दल चार शब्द बोलल्या. पाचव्या शनिवारी ट्रॅम उशिरा आली. मी पोचले तेव्हा चर्च गच्च भरलेलं. आता उभंच राहावं लागणार असं वाटत होतं, तेवढ्यात त्या बाईंनी हात वर केला. माझ्या जागेवर त्यांनी त्यांचा निळा लोकरी स्कार्फ पसरून ठेवला होता.

बाबा, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून तुम्ही आम्हा भावंडांसाठी जागा धरायचे ना, तसा! मी बसले खरी, पण त्या दिवशी गाणं काही ऐकू आलं नाही. या परक्या शहरात मी यायची आहे हे कोणाला तरी माहीत होतं. मी दिसले नाही तर कोणाच्या तरी शेजारची जागा रिकामी राहणार होती.

त्या बाईंनीच पुढे मला त्यांच्या बागेत नेलं. तुम्हाला या बागांची गोष्ट आवडेल, कारण ती एका मास्तरापासून सुरू होते. याच लाइपझिगमध्ये 1864 साली एका मुख्याध्यापकानं पालकांना गोळा करून मुलांना खेळायला मोकळं मैदान मिळावं म्हणून एक मंडळ काढलं, आणि श्रेबर नावाच्या दिवंगत डॉक्टरचं नाव त्याला दिलं. मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे केले. मुलं कंटाळली, आईबापांनी ते वाफे आपल्याकडे घेतले, आणि बघता बघता जर्मनीभर अशा बागांच्या वसाहती झाल्या. एकेक तुकडा जास्तीत जास्त 400 चौरस मीटरचा. कायद्याप्रमाणे साधारण तिसरा हिस्सा भाजीपाला आणि फळं लावावीच लागतात, नुसतं गवत राखून चालत नाही. शिवाय मंडळाच्या सभासदांना वर्षातून काही तास सगळ्यांचं सामायिक काम करावं लागतं. रस्ता झाडायचा, कुंपण रंगवायचं, पाला उचलायचा.

मी तिथं दोनदा पाहुणी म्हणून गेले. मला खुर्ची दिली, केक दिला, सगळे अदबीनं बोलले, आणि मी परत आले ती तशीच परकी. तिसऱ्या वेळी विचारलं, आज मी काय काम करू? माझ्या हातात एक दाताळं आलं. पाल्याचे ढीग करता करता शेजारच्या तुकड्यातले आजोबा आपल्या गुडघ्याचं सांगायला लागले, दुसऱ्या एक आजी नवऱ्याच्या आजारपणाचं. खुर्चीत बसून महिन्यात जेवढं बोलणं झालं नसतं, तेवढं त्या एका सकाळी झालं. हात गुंतलेले असले की माणसाला एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहावं लागत नाही, आणि मग मनातलं सहज बाहेर पडतं. आई, तुम्ही सगळ्या जणी गच्चीवर पापड लाटायला बसायच्या तेव्हा घराघरातलं सगळं तिथंच कळायचं, तसंच हे.

गेल्या महिन्यात कोजागिरी झाली, ती मी त्या बागेत केली. थंडी आठ अंशांची. लहान गॅसवर दोन लिटर दूध आटवलं, तू पाठवलेला मसाला घातला. दूध उकळेपर्यंत काय करायचं म्हणून मी त्यांना आपली भुलाबाई शिकवली. गाणी कुठली येणार त्यांना! पण खिरापत ओळखायचा खेळ घेतला. स्टीलच्या डब्यात खोबरं-साखर भरून झाकण घट्ट लावलं आणि विचारलं, सांगा आत काय? गोड की तिखट, एवढंच विचारायचं. सत्तरीतली नऊ माणसं कोट-टोप्या घालून त्या डब्याभोवती जमली. एक आजोबा जुन्या पूर्व जर्मनीच्या काळात रेल्वेत मेकॅनिक होते. त्यांनी डबा कानाशी धरून दोनदा हलवला, डोळे मिटले, आणि म्हणाले, यात साखर आहे आणि साखरेपेक्षा हलकं काहीतरी आहे. मी आर्वीच्या अंगणात होते की लाइपझिगमध्ये, मला क्षणभर कळेना.

त्याच रात्री स्कार्फवाल्या बाईंनी दुधाचा कप हातात धरून मला सांगितलं, आता मला 'झी' म्हणू नकोस, 'डू' म्हण. म्हणजे 'तुम्ही' सोडून 'तू' म्हण. इथं हे वयानं मोठ्या माणसानं देऊ करायचं असतं, धाकट्यानं आपणहून घ्यायचं नसतं. अडीच वर्षं लागली. पण बाबा, अडीच वर्षांनी का होईना, मला इथं 'अबे' म्हणणारं माणूस मिळालं.

आता नागपूरचं. आई सांगत होती की घरामागच्या बागेत सकाळी साडेसहाला सात-आठ जण फिरून झाल्यावर बाकावर बसतात आणि मग तर्री पोहे खायला जातात. तुम्ही एकदा गेलात, थोडा वेळ बाजूला बसलात, आणि घरी येऊन म्हणालात, "ते सगळे एकमेकांच्या जुन्या ओळखीचे आहेत, आपलं त्यांच्यात जमत नाही." एका सकाळीत कसं जमेल, बाबा? माझ्या पहिल्या शनिवारी त्या बाईंनी नुसतं पाहिलं होतं. दहा दिवस लागोपाठ जा. तोच बाक, तीच वेळ. बोलायला काही सुचलं नाही तरी नमस्कार करून बसा. अकराव्या दिवशी पाय दुखतो म्हणून घरी राहिलात, तर बाराव्या दिवशी कोणीतरी म्हणेलच, "काहून वो, काल दिसले नाही?" तोवर थांबा.

आर्वी सोडा असं मी म्हणणार नाही. ती तीन माणसं चाळीस वर्षांच्या ओळखीची आहेत. पण दर गुरुवारी गेलात तर मन आठवडाभर गुरुवारचीच वाट पाहतं, आणि नागपूरच्या माणसाला तुमच्यात शिरायला वार उरत नाही. महिन्यातून एक गुरुवार आर्वीचा ठेवा. उलट त्या तिघांनाच एकदा नागपूरला बोलवा, तारीख सांगून. फुटाळा तलावावर न्या, तर्री पोहे खाऊ घाला.

आणि आर्वीच्या वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणणारा माणूस नागपुरात येऊन विदर्भ साहित्य संघात एकदाही गेला नाही, हे मला पटत नाही. 1923 पासूनची संस्था आहे. उज्ज्वल नगरला मेट्रोत बसा, सीताबर्डीला गाडी बदला, पुढचंच स्टेशन झाशी राणी चौक. तिथं कार्यक्रम होत असतात. एकच विनंती आहे. आभार सुरू झाले की तुम्ही लगेच चपला शोधायला लागता, ते करू नका. मागे राहा, चहा घ्या, शेजारच्याला विचारा की पाहुण्यांचं कोणतं म्हणणं पटलं नाही. पटलं काय यापेक्षा पटलं नाही काय, यावर माणूस जास्त मोकळा बोलतो.

आणखी एक आहे, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वॉचमनकाकांची मुलगी पाचवीत आहे आणि शिष्यवृत्तीला बसते आहे, असं वहिनी म्हणाली. तुम्ही चौतीस वर्षं गणित शिकवलंत. संध्याकाळी अर्धा तास तिला खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसवा. घरात नको, खालीच. येणारी-जाणारी माणसं बघतील, कोणी आपलं पोर घेऊन येईल, त्या पोराचा आजोबा सोबत येईल. आणि महिन्याभरात तुम्ही त्या इमारतीत 'अंकल' राहणार नाही, मास्तर व्हाल. इथं माझ्या हातात दाताळं आलं, तुमच्या हातात खडू येऊ द्या.

आई, तुला काही सांगायची गरज नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची वाटी तू रिकामी परत पाठवली नाहीस, तेव्हाच तुझं काम झालं. भिशीचा नंबर लागला की मला कळव. बाबांना मात्र सकाळी चहा बागेतून आल्यावरच देत जा, आधी दिलास की ते पेपर घेऊन बसतात.

माझं फेब्रुवारीचं तिकीट झालं आहे. दोन आठवडे आहे मी. त्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी बाबांबरोबर बागेत येईन. बाकावरच्या काकांना आधीच सांगून ठेवा, एक जागा जास्तीची लागेल म्हणून.

दादा-वहिनीला नमस्कार, पिल्लूला गोड पापा.

तुमची लेक