‘खाते काढू नका’ असे सांगणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात सलग तीन संध्याकाळी आपण फोनवरून माझ्या मेलचा गुंता सोडवून दिलात, तेव्हा मी दोन शब्दांत आभार मानून मोकळी झाले होते. ते पुरेसे नव्हते, हे मला रोज मेल उघडताना जाणवते. हे पत्र मी सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण मी करत होते त्या चुका करणारी मी एकटीच असेन असे वाटत नाही, आणि आपण त्या ज्या क्रमाने शोधून काढल्यात तो इतर कुणाच्या तरी नक्की उपयोगी पडेल.

माझी तक्रार मी तीन शब्दांत सांगितली होती : ‘मेल चालत नाही.’ त्यावर आपण शांतपणे विचारलेत, ‘जात नाही की येत नाही? आणि कोणत्या यंत्रावर?’ मला त्याचे उत्तर देता आले नाही. मेल पाठवण्याचे काम एसएमटीपी नावाचा सर्व्हर करतो, आलेला मेल आपल्यापर्यंत पॉप किंवा आयमॅप या दुसऱ्याच मार्गाने पोहोचतो, आणि दोन्हींचा पत्ता, पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या कोणत्या दाराने जायचे त्याचा क्रमांक) व कित्येकदा पासवर्डही स्वतंत्रपणे नोंदवलेला असतो, हे मला तोवर माहीतच नव्हते. आपण मला एका कागदावर तीन यंत्रांची नावे लिहायला लावलीत आणि प्रत्येकापुढे ‘जाणे’ व ‘येणे’ असे दोन रकाने आखायला सांगितलेत. सहा चौकोन भरून झाल्यावर दिसले, की फोनवर मेल येतो पण जात नाही, लॅपटॉपवरही तसेच, आणि टॅब्लेटवर ना येतो ना जातो. त्यानंतर ब्राउझरमधून थेट खाते उघडून पाहिले, तर तिथून मेल जातही होता आणि येतही होता. म्हणजे खाते धडधाकट होते, दोष यंत्रांवरच्या मांडणीत होता. नवा फोन घ्यायचा विचार मी त्याच क्षणी सोडून दिला.

फोनचा दोष सर्वात लवकर सापडला, तो आपण मला पडद्यावरचा मजकूर अक्षर न अक्षर वाचायला लावलात म्हणून. एरवी तसला संदेश दिसला की मी ‘ठीक आहे’ दाबून तो घालवून देत असे. त्यात ५३५ हा आकडा होता. पाचने सुरू होणारे उत्तर म्हणजे सर्व्हरचा ठाम नकार, चारने सुरू होणारे म्हणजे ‘थोड्या वेळाने पुन्हा या’, आणि ५३५ म्हणजे ओळख पटली नाही, असा उलगडा आपण केलात. दोन महिन्यांपूर्वी मी पासवर्ड बदलला होता. मेल आणणाऱ्या सर्व्हरसाठी फोनने नवा पासवर्ड मागून घेतला, पण पाठवणाऱ्या सर्व्हरच्या रकान्यात जुनाच पडून राहिला होता. दोन मिनिटांचे काम. विशेष म्हणजे, ‘पासवर्ड मला सांगू नका, फक्त टाकून झाला की कळवा’ असे आपण आधीच बजावले होते. मदत करणारी माणसे किती सहज पासवर्ड विचारतात, आणि आपण किती सहज सांगून टाकतो, हे आठवून मला स्वतःचीच थोडी लाज वाटली.

लॅपटॉपवरचा संदेश वेगळा होता. तिथे सर्व्हरशी जोडणीच होत नव्हती. ‘दारातल्या माणसाने ओळखले नाही ही एक गोष्ट झाली, आणि दारापर्यंत पोहोचताच आले नाही ही दुसरी,’ हे आपले वाक्य मी त्याच कागदावर टिपून ठेवले आहे. पाठवण्याच्या रकान्यात पोर्ट २५ होते. मी नुकतीच इंटरनेटची जोडणी बदलली होती, आणि नको असलेल्या मेलचा लोंढा रोखण्यासाठी अनेक सेवा देणारे ग्राहकांच्या जोडणीवर हे पोर्ट बंदच ठेवतात, असे आपण सांगितलेत. तिथे ५८७ लिहिले, त्यासोबतची सुरक्षित जोडणी आणि ओळख पटवण्याचा पर्याय सुरू केला, तेव्हा आउटबॉक्स हलेल असे वाटले होते, पण तो जागचा हलला नाही. सर्वात पुढे २० एमबीच्या स्कॅन केलेल्या पानांचा एक मेल अडून बसला होता. मेलमधून जाताना फाइलचे अक्षरांत रूपांतर होते आणि तिचा आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो, त्यामुळे माझे २० एमबी प्रत्यक्षात २७च्या आसपास जात होते आणि मर्यादा २५ची होती. तो मेल बाजूला काढताच त्याच्यामागे ताटकळलेले चार मेल एकापाठोपाठ एक निघून गेले. त्यांतला एक अकरा दिवसांपूर्वीचा होता.

माझी सर्वात मोठी भीती मात्र वेगळीच होती : फोनवर सकाळी पाहिलेले मेल दुपारी नाहीसे होत. कुणीतरी माझ्या खात्यात शिरले आहे, अशी माझी खात्री झाली होती. त्या शंकेपोटी आपण खात्यातले नियम आणि परस्पर दुसरीकडे मेल पाठवण्याची सोयही तपासून घेतलीत. तिथे काही नव्हते. मग विचारलेत, ‘लॅपटॉप दिवसभर बंद राहिला, तर फोनवरचे मेल जातात का?’ दुसऱ्या दिवशी मी तो मुद्दाम उघडला नाही, आणि एकही मेल गेला नाही. लॅपटॉपवरचे खाते पॉपने जोडलेले होते. दर दहा मिनिटांनी तो सर्व्हरवरचे मेल उतरवून घेई आणि तिथली प्रत पुसून टाकी. फोन आयमॅपने थेट सर्व्हर पाहत असल्यामुळे त्याला मोकळी पेटी दिसे. पॉपचा पहिला आराखडा १९८४चा. एका माणसाकडे तीन-तीन पडदे असतील हे त्यात गृहीत नव्हते, त्यामुळे त्यालाही फार दोष देता येत नाही.

ताई, ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले ती इथे आहे. मी आधी ज्यांना ज्यांना विचारले, त्या सर्वांनी एकच उपाय सांगितला होता : खाते काढून टाका आणि पुन्हा जोडा. आपल्याशी बोलता बोलता मी त्या बटणावर बोट ठेवले होते आणि मोठ्या उत्साहाने तसे सांगितलेही. आपण आवाज चढवलात. तीन संध्याकाळींत एकदाच. ‘खाते काढू नका! तुमच्या सहा वर्षांच्या मेलची एकमेव प्रत त्या लॅपटॉपवर आहे.’ माझे हात गार पडले. मी भाषांतराचे काम करते. लेखकांनी वेळोवेळी दिलेले खुलासे, दुरुस्त्या, परवानग्या, सगळे त्या पेटीत होते. बहुतेकांच्या बाबतीत तो उपाय निरुपद्रवी असेलही, पण तो देण्याआधी खाते पॉप आहे की आयमॅप, एवढे विचारायला अर्धे मिनिट पुरते, आणि ते अर्धे मिनिट दुसऱ्या कुणी काढले नव्हते.

मग आपण मेलचे सगळे फोल्डर आधी वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यायला लावलेत. सर्व्हरवर जागा पुरेशी आहे का, ते पाहिले. जुने खाते तसेच ठेवून, त्याचे आपोआप मेल आणणे बंद करून, शेजारी तेच खाते आयमॅपने जोडले आणि एकेका वर्षाचे मेल नव्या खात्यात हलवत गेलो. ‘आधी फक्त दहा टाका आणि फोनवर दिसतात का पाहा,’ असे आपण म्हणालात, आणि फोनवर सहा वर्षांपूर्वीचे पहिले पत्र उमटले तेव्हा मी फोनवर काहीच बोलू शकले नाही, हे आपल्याला आठवत असेल.

टॅब्लेटचे तर हसूच आले. बॅटरी पूर्ण उतरल्यावर त्याची तारीख काही वर्षे मागे गेली होती, आणि त्या तारखेला सर्व्हरचे, त्याची ओळख पटवणारे, ठराविक मुदतीचे प्रमाणपत्र ग्राह्यच ठरत नव्हते. तारीख दुरुस्त केली आणि मेल आले.

आपण प्रत्येक बटण माझ्याच हातून दाबून घेतलेत. तेव्हा ते मला फार संथ वाटे. एकदोनदा मी वैतागलेही असेन, त्याबद्दल क्षमा मागते. पण परवा एका मैत्रिणीने ‘मेल चालत नाही’ असे सांगितले, तेव्हा मी तिला कागद घेऊन दोन रकाने आखायला सांगितले. तिचा दोष अजून सापडलेला नाही. अडलो तर आपल्याला फोन करू, चालेल ना?

आपली कृतज्ञ,
एक भाषांतरकार

ता. क. ‘चाचणी ७’ या विषयाचा एक मेल आपल्याकडे अकरा दिवस उशिराने पोहोचला असेल. त्याला उत्तर देण्याची गरज नाही.