मडक्यातल्या दहा चिठ्ठ्या

महोदय,

दरवर्षी २६ जूनला शाळेत अमली पदार्थविरोधी शपथ होते. मुले हात पुढे करून ती घडाघडा म्हणतात आणि वर्गात जातात. दापोली तालुक्यात बरीच वर्षे गणित शिकवल्यावर माझी खात्री झाली आहे की नशा असो वा जुगार, मुलांना व्यसनापासून दूर ठेवायला एवढ्याने भागत नाही.

गेल्या वर्षी सातवीच्या तासाला मी मडके नेले. त्यात शून्य ते नऊ आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकाला वीस चिंचोके दिले. एक चिंचोका लावायचा, आकडा लागला तर नऊ मिळणार. आमच्याकडच्या मटक्याचा भाव हाच, आणि तो काही मुलांना आधीपासून ठाऊक होता! पहिली दहा मिनिटे नुसता कल्ला. एकाला दोनदा लागला, तर तो बाकावरच चढला. तास संपताना त्याच्यापाशी चार चिंचोके उरले होते आणि माझ्या डब्यात सत्तरच्या वर जमले होते. मग फळ्यावर मांडले: दहा आकड्यांवर दहा चिंचोके आले, नऊ गेले, एक दर खेपेला धंदेवाल्याचा. मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मग आमचे बाबा रोज का लावतात?"

गेलेले भरून काढायला, एवढेच मला सांगता आले. व्यसन जडते ते तिथेच.

दहावीच्या पुस्तकात संभाव्यतेचा धडा आहे. फासे, पत्ते सगळे त्यात येते. पण तोवर फार उशीर झालेला असतो. आता तर जत्रेतल्या जुगाराच्या पटापर्यंतही जावे लागत नाही, मोबाइल हातातच असतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी घातली, ते चांगलेच झाले. पण जुगाराविरुद्धचा कायदा आपल्याकडे १८८७ पासून आहे, आणि आकडा अजून लागतोच आहे.

नशेचेही तेच. ऑगस्ट २०२३ मध्ये कर्दे, लाडघर, केळशीच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटे वाहून आली. कस्टमने २५० किलोहून जास्त माल पकडला. मुलांना सांगितले, हात लावू नका, पोलिसांना कळवा. बरोबरच होते. पण चरस म्हणजे काय, हे मुले आठवडाभर विचारत होती आणि आम्ही मोठी माणसे विषय बदलत होतो. तो गांजाच्याच झाडाचा चीक. त्याने आठवण आणि लक्ष दोन्ही ढासळते, आणि वाढत्या वयातल्या मेंदूला धोका जास्त, हे सांगायला लाज कसली? घरात कोणी अडकले असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. तो आकडा मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे, पुसू देत नाही.

शाळांनी सहावी-सातवीला यासाठी एक तास द्यावा, आणि एक पालकसभेत, बापमंडळींना समोर बसवून. मडके आणि चिंचोके घेऊन मी यायला तयार आहे.

आपली,
एक शिक्षिका, ता. दापोली, जि. रत्नागिरी