विषय : फर्मवेअर अपडेटनंतर नेटवर्क स्ट्रीमरमध्ये दोन ट्रॅकच्या मध्ये पडणारा खंड आणि त्यावर मिळालेली उत्तरे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवेशी माझे पाचव्यांदा बोलणे झाले. यापुढे फोन करण्यात अर्थ नाही, म्हणून लेखी कळवत आहे.

गेल्या महिन्यात एका रात्री आपल्या स्ट्रीमरने (घरच्या नेटवर्कवरून संगीत वाजवणाऱ्या यंत्राने), मला न विचारता, फर्मवेअर म्हणजे आतले सॉफ्टवेअर अपडेट करून घेतले. तेव्हापासून एक ट्रॅक संपून दुसरा सुरू होताना सुमारे दोन सेकंद आवाज बंद पडतो. माझ्या शास्त्रीय मैफलींच्या सीडी मी फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या फाइलींत) उतरवून घरच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवण-डिस्कवर, ठेवल्या आहेत. त्यांत विलंबित एकताल हा एक ट्रॅक आणि द्रुत तीनताल दुसरा असतो. गायक मध्ये थांबलेला नसतो आणि तानपुरा तर थांबण्याचा प्रश्नच नाही. आता नेमक्या त्या सांध्यावर तानपुरा मुका होतो आणि द्रुत बंदिशीचा मुखडा अर्धा गिळलेला ऐकू येतो. खोक्यावर ‘गॅपलेस’, म्हणजे विनाखंड, हा शब्द आपणच छापला आहे.

लॅन केबल बदलली, नॅसवरचे सर्व्हर सॉफ्टवेअर बदलले, राउटर चार वेळा बंद-चालू केला. त्याच फाइली लॅपटॉपवर विनाखंड वाजतात. दोन्ही ट्रॅक जोडून एकच फाइल केली की स्ट्रीमरवरही खंड पडत नाही. दोष कुठे आहे, हे आपल्या अभियंत्यांना यावरून कळायला हवे.

आपल्या प्रतिनिधींनी आज प्रथम माझ्या इंटरनेटचा वेग विचारला. फाइली घरातच आहेत, नॅस आणि स्ट्रीमर एकाच नेटवर्क स्विचला केबलने जोडलेले आहेत, इंटरनेटचा येथे संबंध नाही, असे मी सांगितले. त्यावर, “हो सर, पण स्पीड किती आहे?” सीडीचा मूळ डेटा सेकंदाला १,४११ किलोबिट, फ्लॅकमध्ये त्याहूनही कमी आणि आपल्या यंत्राचे पोर्ट १०० मेगाबिटचे, म्हणजे गरजेच्या कित्येक पट, हा हिशेब मी मांडला. मला नऊ मिनिटे होल्डवर ठेवण्यात आले. (त्या वेळी वाजणारी आपल्या जाहिरातीची धून मात्र अखंड होती.) परत आल्यावर उत्तर मिळाले, “सर, दोन गाण्यांच्या मध्ये थोडा गॅप असतोच ना.” हे एकच गाणे आहे, असे मी म्हणालो. “मग ट्रॅक दोन का आहेत?” आणि शेवटी, “तोपर्यंत ब्लूटूथवर ऐका सर, आवाज सेमच येतो.”

हे कंपनीचे अधिकृत मत असेल, तर ब्लूटूथ स्पीकरच्या कित्येक पट किंमत माझ्याकडून कशासाठी घेतली, हे कृपया कळवावे. आपला अॅम्प्लिफायर माझ्याकडे अकरा वर्षे एकही तक्रार न करता चालू आहे. त्याच्याच भरवशावर मी हे यंत्र घेतले. तो अॅम्प्लिफायर बनवणारी माणसे आता आपल्याकडे नसावीत.

पंधरा दिवसांत जुने फर्मवेअर परत टाकण्याची सोय द्यावी किंवा यंत्र परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. अन्यथा मी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ती माझ्याच जिल्ह्यात करता येते, याची नोंद घ्यावी. पावती आणि पाचही तक्रार क्रमांक सोबत जोडले आहेत.

उत्तर लेखीच द्यावे. त्यात राउटर बंद-चालू करण्याची सूचना नसावी.

आपला,
एक ग्राहक